चव्हाट्यावरचें घर



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर चढल्या असतील. संध्याकाळच्या वेळीं, घरांतील मुलेंमाणसें ऐकत बसलीं असतांना, एका पानगृहाची हकीकत सांगावयाची म्हणजे वक्त्याला थोडें धैर्यच करावें लागतें. म्हणून प्रारंभींच सांगून टाकतों, कीं मी स्वतः मद्य घेत नाहीं आणि तें कोणीं घ्यावें असें सांगण्यासाठींहि येथें आलेलों नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें देवळांच्या पायऱ्याच तेवढ्या चढाव्या आणि बाजारांतील ओट्यांकडे पाठ फिरवावी, हें मला पटत नाहीं. सामान्य माणूस दिवसभराचें काम संपवून जेथें जाऊन बसतो, तेथेंहि इतिहास बसलेला असतोच.

लंडन शहरांत टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर सदर्क नांवाचा एक पुरातन भाग आहे. लंडन ब्रिज ओलांडून खालीं उतरलें, कीं डाव्या हाताला रेल्वेचें स्टेशन लागतें, उजव्या हाताला जुनें प्रार्थनामंदिर दिसतें, आणि त्याच्या पलीकडे आगगाडीच्या पुलाखालीं बरो बाजार भरतो. माझा भाचा त्या बाजूला नोकरी करतो. मी त्याच्याकडे उतरलों असतां एका शुक्रवारीं सायंकाळीं तो मला म्हणाला, "मामा, तुम्ही इतके दिवस संग्रहालयें पाहिलींत, आज एक जिवंत संग्रहालय दाखवितों. मात्र तेथें गर्दी फार, तुम्हांला उभें राहावें लागेल."

गर्दी खरोखरच फार होती. दाराबाहेर पदपथावर माणसें हातांत पेले घेऊन उभीं होतीं. आंत शिरण्यापूर्वींच बोलण्याचा एक मोठा गुंजारव कानांवर आला. आंत पाहतों तों लांकडी फळीपुढें तीन-चार ओळींची दाटी. पण धक्काबुक्की नाहीं, कीं आरडाओरड नाहीं. रांग अशी दिसत नव्हती, तरी कोण कोणाच्या आधीं आला हें फळीमागच्या मुलीला बरोबर ठाऊक होतें, आणि आपला क्रम नसतांना तिनें विचारलें तर माणूस शेजाऱ्याकडे बोट दाखवून "आधीं त्यांना" असें म्हणे. कचेरींतून आलेले तरुण, बाजारांतले हमाल, एक वृद्ध जोडपें, पायांशीं कुत्रें घेऊन बसलेला एक सुतार, हीं सारीं एकाच छताखालीं होतीं. मीं लिंबाचें सरबत मागितलें. कोणाच्याहि चेहऱ्यावर हंसूं उमटलें नाहीं.

भिंतीवर एक मोठा काळा फळा टांगलेला होता आणि त्यावर खडूनें वीसेक बीअरींचीं नांवें लिहिलीं होतीं: कोणती कोणत्या गांवीं बनली, तिची तीव्रता किती, किंमत किती. ती यादी वाचतां वाचतां माझी नजर एका ओळीवर खिळली. त्या ओळींत आपल्या देशाचें नांव होतें. 'इंडिया पेल एल' असे ते शब्द होते. परक्या नगरांतील पानगृहाच्या फळ्यावर हिंदुस्थानचें नांव कां असावें, हा प्रश्न तेथेंच मनांत आला. आणि त्याचें उत्तर शोधीत गेलों असतां जो इतिहास हातीं लागला, तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हें पेय आहे तरी काय तें पाहूं. बीअर म्हणजे मूळांत जवाची आंबवलेली पेज. आपल्याकडे नाचणीचें सत्त्व करतांना गृहिणी नाचणी भिजवितात, तिला मोड आणतात, वाळवितात आणि मग दळतात. जवालाहि हेंच संस्कार होतात. मोड आल्यानें धान्यांतील पिठाची साखर होण्याची सोय होते. मग तें भट्टीवर सुकवून, भरडून, ऊन पाण्यांत कालवितात. त्या गोड पाण्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून उकळी आणतात आणि थंड झाल्यावर किण्व मिसळतात. धान्य किती भाजलें यावर पेयाचा रंग अवलंबून असतो. फुलांनीं कडवटपणा येतो आणि पेय टिकतें.

इंग्लंडांत हें काम कित्येक शतकें बायकांचें होतें. भाकरी भाजावी तशी घरोघरीं एल केली जाई, आणि जास्त झाली कीं दारावर एक खूण लावून शेजाऱ्यांना विकली जाई. तेराव्या शतकांतच राजाज्ञेनें पावाचें आणि एलचें माप व भाव ठरविण्यांत आले होते. हॉपचीं फुलें मात्र त्या काळीं इंग्लंडला माहीत नव्हतीं. तीं समुद्रापलीकडील डच प्रदेशांतून पंधराव्या शतकांत आलीं. फुलांमुळें पेय टिकूं लागलें, टिकूं लागल्यामुळें तें दूर पाठवितां येऊं लागलें, आणि दूर पाठवितां येऊं लागल्यावर त्यांत मोठें भांडवल शिरलें. भांडवल शिरतांच बायका बाहेर पडल्या. धंदा लहान असेतोंवर तो स्त्रीचा आणि नफ्याचा झाला कीं पुरुषाचा, हा अनुभव कांहीं एकाच देशाचा नाहीं.

सदर्क हें या धंद्याचें जुनें पीठ. केंट परगण्यांतील हॉपचीं पोतीं याच बरो भागांत येऊन विकलीं जात. इंग्रज कवि चॉसर यानें चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या कथाकाव्यांतील यात्रेकरू कँटरबरीला निघतात तेहि येथल्याच 'टॅबर्ड' नांवाच्या धर्मशाळावजा पानगृहांतून. तें आज उरलेलें नाहीं. परंतु त्याच्या शेजारचें 'जॉर्ज' हें १६७६ च्या आगीनंतर पुन्हां बांधलेलें घर लांकडी सज्जांसह अजून उभें आहे.

अठराव्या शतकांत या नगरांत एक काळसर, कडवट व पौष्टिक बीअर लोकप्रिय झाली. तिचें नांव पोर्टर, म्हणजे हमाल. गोदीवर आणि रस्त्यांत ओझीं वाहणाऱ्या हमालांचें तें पेय म्हणून तें नांव. ही बीअर मुरवावी लागे आणि ज्याच्याजवळ मोठीं पिंपें असतील त्यालाच ती परवडे. त्यामुळें थोड्याच वर्षांत मूठभर धनिकांच्या हातीं हा धंदा गेला. सदर्कमधील थ्रेल यांची 'अँकर' भट्टी त्यांतलीच एक. सुप्रसिद्ध कोशकार डॉ. जॉन्सन हे थ्रेल कुटुंबाचे स्नेही. थ्रेल वारल्यावर १७८१ सालीं ती भट्टी १,३५,००० पौंडांना विकली गेली, तेव्हां मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक या नात्यानें डॉक्टरसाहेबहि त्या व्यवहारांत होते. हमालांच्या तहानेवर केवढी संपत्ति उभी राहिली होती, याची त्या आंकड्यावरून कल्पना येईल.

आणि त्या संपत्तीचा भार कोणावर पडे तेंहि पाहा. नदीच्या उत्तरेस सेंट जाइल्स नांवाच्या दरिद्री वस्तींत दुसरी एक भट्टी होती. तेथील सुमारें २२ फूट उंचीच्या एका पिंपांत साडेतीन हजारांहून अधिक बॅरल पोर्टर मुरत होती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं सायंकाळीं त्या पिंपाचा एक लोखंडी पट्टा निसटला. असे पट्टे अधूनमधून निसटत, म्हणून कोणी घाबरलें नाहीं. तासाभरांत पिंप फुटलें, त्याच्या लोटानें इतर पिंपें फुटलीं, मागची भिंत कोसळली, आणि काळ्या बीअरचा लोंढा गल्लींतल्या तळघरांत शिरला. एका तळघरांत आयरिश मजुरांच्या बायका एका दोन वर्षांच्या मुलाच्या प्रेताशेजारीं जागरण करीत बसल्या होत्या. एकंदर आठ माणसें दगावलीं, तीं सारीं बायका आणि मुलें.

पंचांनीं निर्णय दिला, कीं हीं माणसें आकस्मिकपणें, अपघातानें व दुर्दैवानें मेलीं, दोष कोणाचाच नाहीं. पुढें कंपनीनें सरकारकडे अर्ज केला, कीं वाहून गेलेल्या बीअरवर आम्हीं कर आधींच भरला होता. सरकारनें तो परत दिला. मेलेल्यांच्या नातलगांना कंपनीकडून कांहींहि मिळालें नाहीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं पैसा पैसा जमवून त्यांचे अंत्यविधि केले. लोक गल्लींत पडून ती बीअर प्यालें आणि झिंगले, अशी एक विनोदी कथा अजून सांगितली जाते; त्या दिवसांच्या वृत्तपत्रांत तिला आधार नाहीं. गरिबांच्या मरणावर मागाहून कोणी तरी विनोद चिकटवितो, एवढाच तिचा अर्थ.

परंतु भट्टींतील मजूर केवळ सोसणाराच होता असें नव्हे. १८५० च्या सप्टेंबर महिन्यांत ऑस्ट्रियाचा सेनापति हायनौ लंडनला आला होता. इटलींतील ब्रेशिया शहरांत आणि हंगेरींत त्यानें बंड मोडतांना जें क्रौर्य केलें, स्त्रियांना चाबकाचे फटके मारविले, त्याची हकीकत युरोपभर गाजली होती. हा गृहस्थ 'अँकर' भट्टी पाहण्यास गेला आणि भेटीच्या वहींत त्यानें आपली सही केली. तें नांव वाचतांच बातमी गाडीवानांपर्यंत गेली. गवत, शेण आणि झाडू घेऊन मजूर त्याच्यावर धांवले. सेनापति पळाला, नदीकांठच्या एका पानगृहांत लपला, आणि पोलिसांनीं त्याला होडींतून सोडवून नेलें. ऑस्ट्रियानें निषेध केला. व्हिक्टोरिया राणीच्या आग्रहामुळें परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांना नाखुषीनें खेद प्रदर्शित करावा लागला. चौदा वर्षांनीं, १८६४ सालीं, गॅरिबाल्डी लंडनला आला तेव्हां तो मुद्दाम त्या भट्टींत जाऊन मजुरांना भेटला. आज ती भट्टी नाहीं. पार्क स्ट्रीटवर तिची स्मृतिशिला आहे. मीं ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाऊन पाहिली.

आतां फळ्यावरील त्या नांवाकडे वळूं. लंडनच्या पूर्वेस बो नांवाच्या ठिकाणीं हॉजसन कुटुंबाची एक लहानशी भट्टी होती. तिचें भाग्य एवढेंच, कीं ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें लागत, तेथून ती जवळ होती. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खाजगी व्यापार करण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीनें माल देई. कप्तान तो कलकत्ता, मद्रास, मुंबई येथें गोऱ्या अधिकाऱ्यांना विके. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या त्या प्रवासास चार ते सहा महिने लागत. वाटेंत दोनदां विषुववृत्त ओलांडावें लागे, आणि पिंपांतली फिक्या रंगाची, हॉपनें कडू केलेली बीअर त्या उष्णतेंत व हिंदोळ्यांत इतकी मुरे, कीं घरीं दोन वर्षांत यावी ती चव तिला सहा महिन्यांत येई.

हॉजसननें हिंदुस्थानसाठीं म्हणून कांहीं अपूर्व शोध लावला, ही दंतकथा होय. तसली बीअर इंग्लंडांत आधींपासून होतीच, आणि हमालांची ती काळी पोर्टरहि मोठ्या प्रमाणांत हिंदुस्थानांत येई. भेद एवढाच, कीं फिकी बीअर साहेबांच्या टेबलावर जाई आणि काळी बीअर गोऱ्या शिपायांच्या बराकींत. पुढें हॉजसन मंडळी लोभानें उधारी बंद करून स्वतःच माल पाठवूं लागलीं, तेव्हां कंपनीच्या एका संचालकानें बर्टन येथील ऑलसॉप यांना तसलीच बीअर करण्याचें सुचविलें. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्सम असल्यामुळें ती अधिकच स्वच्छ व तरतरीत निघाली. १८३० नंतरच्या दशकांत 'इंडिया पेल एल' हें नांव इंग्लंडांतल्या जाहिरातींतहि रूढ झालें. अशा रीतीनें आपल्या देशाचें नांव त्या फळ्यावर चढलें. ज्या देशाचें नांव, त्या देशाच्या सामान्य माणसानें मात्र तिचा थेंबहि चाखला नव्हता.

तिकडे असें चाललें असतां इकडे काय चाललें होतें? कोंकणांतला भंडारी पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढून, फुलोऱ्याला छेद देऊन, मडकें बांधून माडी काढीत असे. ठाणें जिल्ह्यांतील आदिवासी मोहाचीं फुलें वेंचीत. तें त्यांचें अन्नहि होतें आणि पेयहि. १८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद होऊन ठरलेल्या मक्तेदारांच्या भट्ट्या आल्या. माडावर झाडागणिक कर बसला. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. झाडाखालीं पडलेलें फूल उचलून घरीं ठेवणें हा गुन्हा होऊं शकतो, हें त्या जंगलांतील माणसाला प्रथमच कळलें.

येथें मला दोन शब्दांकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. इंग्रज ज्याला 'पब' म्हणतो त्याचें पूर्ण नांव 'पब्लिक हाऊस', म्हणजे लोकांचें घर. आपण ज्याला 'गुत्ता' म्हणतों त्या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता, ठेका. एका भाषेंतील शब्दांत शेजारीपाजारी बसलेले आहेत. दुसरीच्या शब्दांत सरकार आणि ठेकेदार बसलेले आहेत. गुत्त्यांत आपला माणूस शेजाऱ्याशीं बोलण्यास जात नसे. तो अंधारांत जाई आणि अंधारांतून परते. १८८० सालीं महात्मा फुले यांनीं पुण्यांत दारूच्या दुकानांना परवाने देण्यास विरोध केला, १९०८ सालीं पुण्याच्या तरुणांनीं दुकानांपुढें निरोधन केलें, तें कांहीं केवळ सोंवळेपणानें नव्हे. तिजोरी भरावी म्हणून गरिबाचें घर रितें होत होतें, हें त्यांना दिसत होतें. इंग्लंडांतहि जिन नांवाच्या स्वस्त दारूनें अठराव्या शतकांत असाच अनर्थ केला होता. १७५१ सालीं पार्लमेंटानें कायदा करून तिला आळा घातला, आणि त्याच वर्षीं होगार्थ या चित्रकारानें बीअर पिणारी सुखी गल्ली आणि जिन पिणारी मरणोन्मुख गल्ली अशीं दोन चित्रें छापून प्रसिद्ध केलीं. तेव्हां मद्यानें नाश होतो हें इंग्रजासहि ठाऊक होतें. परंतु स्वतःच्या देशांत तो लोकांचें घर जपीत होता आणि आमच्या देशांत मक्ता जपीत होता.

अर्थात् त्या घराचा दरवाजा सर्वांना सारखा उघडा होता असें मात्र समजूं नका. १९६० नंतरच्या दशकांत बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक गांवीं लोखंडाच्या ओतकारखान्यांत शेंकडों पंजाबी कामगार राबत होते. भट्टीपुढें आठ तास घाम गाळून ते पबांत गेले, कीं कोठें त्यांना पेलाच मिळत नसे, तर कोठें सांगितलें जाई कीं तुम्ही बाहेरच्या खोलींत बसा, आंतल्या चांगल्या खोलींत नाहीं. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे पुढारी अवतारसिंग जौहल यांनीं गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पबांमागून पबांत जाऊन हा भेद उघडकीस आणला. १२ फेब्रुवारी १९६५ रोजीं अमेरिकेंतील नीग्रोंचे पुढारी माल्कम एक्स यांना त्यांनीं स्मेदिकला आणून तो प्रत्यक्ष दाखविला. त्यानंतर नऊच दिवसांनीं न्यूयॉर्कला माल्कम यांचा खून झाला. त्याच वर्षीं इंग्लंडांत सार्वजनिक जागीं वर्णभेद करणें बेकायदा ठरविणारा पहिला कायदा झाला. पुढें तेथल्या पंजाबी मंडळींनीं मोडकळीस आलेले कित्येक पब स्वतःच चालविण्यास घेतले. त्यांना आज 'देसी पब' म्हणतात, आणि तेथें गोरे शेजारीहि येऊन तंदुरी खातात.

हें वाचीत असतां मला महाड आठवलें. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्या असा ठराव रावबहादुर सी. के. बोले यांनीं आणला. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी. माडावर कर बसलेल्या त्याच समाजाचे. आणि तो ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यावें लागलें. तळ्यांतलें पाणी आणि पबांतली बीअर यांची तुलना करणें कोणास अनुचित वाटेल. पण प्रश्न पेयाचा नव्हेच. 'सार्वजनिक' हा शब्द ज्या दारावर लिहिला आहे, त्या दारांतून कोण आंत जाऊं शकतो, हा प्रश्न आहे. आणि तो दोन्हीं ठिकाणीं माणसांनीं स्वतः पुढें पाऊल टाकूनच सोडविला.

आतां त्या वीस नांवांच्या फळ्याचें रहस्य तेवढें सांगावयाचें राहिलें. वीस नांवें ही आजची गोष्ट. १९७० च्या सुमारास इंग्लंडांत ती अशक्य होती. सहा प्रचंड कंपन्यांनीं लहान भट्ट्या गिळल्या होत्या आणि हजारों पबहि त्यांच्याच मालकीचे होते. जुन्या रीतीनें बीअर पिंपांतहि जिवंत असते. तिच्यांतील किण्व तळघरांत आपलें काम करीत राहतें, आणि पिंप उघडल्यावर ती तीन-चार दिवसांत संपवावी लागते. कंपन्यांना हें गैरसोयीचें. त्यांनीं ती गाळून, तापवून, किण्व मारून, वायु भरून लोखंडी डब्यांत घातली. सर्वत्र एकच चव झाली. स्वतःच्या आवारांत बीअर गाळणारे पब साऱ्या देशांत अवघे चार उरले.

१९७१ सालीं चार इंग्रज तरुण आयर्लंडला सुटींत गेले असतां त्यांनीं या गोष्टीविरुद्ध एक मंडळ काढलें. जवळ पैसा नाहीं, कीं सत्ता नाहीं. त्यांनीं पत्रकें काढलीं, चांगल्या पबांच्या याद्या छापल्या, बंद होणाऱ्या भट्ट्यांपुढें सभा घेतल्या. 'कॅमरा' या संक्षिप्त नांवानें ओळखलें जाणारें तें मंडळ पुढें लाखाहून अधिक सभासदांचें झालें. १९७९ सालीं याच सदर्कमध्यें डेव्हिड ब्रूस या गृहस्थानें एक मोडका पब घेऊन त्याच्या तळघरांतच भट्टी मांडली. त्याच सुमारास अमेरिकेंत, मद्यबंदीच्या काळापासून चालत आलेला जाच दूर होऊन, घरगुती बीअर करण्यास १९७८ सालीं कायद्यानें मुभा मिळाली, आणि घरच्या मोरींत प्रयोग करणारे लोक कारखानदार बनले. त्यांना जुन्या पुस्तकांत आपला 'इंडिया पेल एल' सांपडला. तिकडच्या नव्या सुगंधी हॉपनें त्यांनीं तो पुन्हां जिवंत केला आणि मग तो समुद्र ओलांडून मायदेशीं परत आला. २००२ सालीं ब्रिटिश सरकारनें लहान भट्ट्यांचा कर कमी केला, तशा सदर्क-बर्मंड्सीच्या रेल्वे-कमानींखालीं एकामागून एक भट्ट्या निघूं लागल्या. १८७८ च्या आमच्या कायद्यानें लहान भट्टी बुडविली. २००२ च्या त्यांच्या कायद्यानें ती तारली. कर हा नुसता तिजोरीचा हिशेब नसतो. कोणतें कसब जगावें आणि कोणतें मरावें, याचाहि तो निवाडा असतो.

आपल्याकडेहि हें वारें पोंचलें आहे. पुण्यांत २००९ सालीं अशी एक लहान भट्टी निघाली आणि तिनें नांव घेतलें 'डूलाली'. हा शब्द इंग्रजी खरा, पण जन्मानें आपला. नाशिकजवळच्या देवळाली येथें गोऱ्या पलटणींची छावणी होती. मुदत संपलेले शिपाई मायदेशीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथें महिनेन्‌महिने पडून राहत. काम नाहीं, ऊन मात्र रणरणतें. कित्येकांचें डोकें फिरे. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला तापच. आज इंग्लंडांत वेड्याला 'डूलाली' म्हणणाऱ्या माणसाला आपण नाशिक जिल्ह्यांतील एका गांवाचें नांव घेत आहों, याची कल्पनाहि नसते.

त्या रात्रीं आम्ही दोन तास तेथें उभे होतों. भाच्यानें मला विचारलें, "मामा, आपल्याकडे अशी जागा कोणती हो? जेथें हमाल आणि हपिसर शेजारीं उभे राहतील अशी?" मीं गांवचा पार सांगितला, चावडी सांगितली, मुंबईंतलें इराण्याचें दुकान सांगितलें. सांगतां सांगतां माझें मलाच जाणवलें, कीं पारावर सगळे बसत नव्हते, चावडींत सगळ्यांना पायरी चढतां येत नव्हती, आणि इराण्याचीं दुकानें एकेक करून बंद होत आहेत. मग मी गप्प राहिलों. भाच्यानेंहि पुन्हां विचारलें नाहीं.

निघतांना मीं त्या फळ्याकडे पुन्हां एकदां पाहिलें. 'इंडिया पेल एल' चें पिंप संपलें होतें. फळीमागची मुलगी स्टुलावर चढली, तिनें ओल्या फडक्यानें ती ओळ पुसली, आणि तिच्या जागीं यॉर्कशरमधल्या कुठल्याशा खेड्याचें नांव लिहिलें. मग खालीं उतरून तिनें विचारलें, "आतां कोणाचा क्रम?" तेव्हां दोघांनीं एकमेकांकडे बोट दाखविलें.